नळीचं दुसरं टोक

लॉरीत होतं ते असं: सळयांचे तीन भारे, चेपलेल्या पिंपांचा एक ढीग, दोन नांगर, त्यातल्या एकाला फाळ नव्हता, शिवणयंत्राचं पायडल, एका बसची पुढची जाळी, आणि या सगळ्यावर आडवी टाकलेली एक लोखंडी टाकी. टाकीचं डोकं रस्त्याच्या बाजूला होतं. त्यावर सात डाग होते, सहा वाटोळे आणि एक लांबट. बाकीचा पत्रा वरवर तांबडा झालेला, पण डागांच्या जागी गंज खोल गेला होता, कारण दगडाखाली पाणी जास्त वेळ टिकतं. मी स्कूटर थांबवली आणि डाग पुन्हा मोजले. सातच होते. बेळगावच्या उद्यमबागेत दिवाळीच्या पाडव्याची सुट्टी होती. फौंड्रीच्या फाटकाला झेंडूची माळ आणि कुलूप, दोन्ही होतं. लॉरी बाहेर उभी होती. उद्या सकाळी ती आत जाणार, आणि त्यानंतर टाकीचं काय होणार हे मला माहीत होतं. लोखंडाचा वितळणबिंदू मी शाळेत पाठ केला होता. तो या क्षणी आठवायची गरज नव्हती, तरी आठवला.

मी आले होते गॅस्केट न्यायला. शेजारच्याच गाळ्यात नागोजीअण्णांचं लेथचं दुकान आहे. त्यांनी शटर अर्ध्यावर उचलून ठेवलं होतं आणि कपाळाला गंध तसंच ओलं होतं.

"सणादिवशी दुकान उघडाय लावलंस बघ. तिकडं बायको ओवाळायला ताट घिऊन बसलीया. आज ही रबराची चकती न्हाय मिळाली तर काय आभाळ पडतंय?"

"इंजिन थांबेल, अण्णा."

"थांबू दे की! शेणावरचं इंजिन ते. हितं लोक हसत्यात मला. म्हणत्यात, नागोजी आता म्हशीचे पार्ट बनवतोय." ते स्वतःच हसले, मग माझी नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं. "काय बगतीस? भंगार हाय ते."

"आमच्या गावची गोबरगॅसची टाकी आहे ती."

"गावोगावच्या येत्यात अशा. ओळखलीस कशावरनं?"

"डागांवरून," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, आणि मी टिळकवाडीत घरी स्कूटर लावून बस धरेपर्यंत माझंच वाक्य माझ्या कानात राहिलं. आमच्या गावची, हे बरोबर. आमची नव्हे. मी एखादी संख्या लिहिते तेव्हा तिच्यापुढे एकक लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. 'आमची' या शब्दापुढे कुठलं एकक लिहावं ते मात्र संकेश्वर मागे पडलं तरी सुचलं नाही.

टाकी आण्णाप्पांची होती. आण्णाप्पा गावातले मोठे शेतकरी, आता हयात नाहीत. त्यांच्या घराच्या परसात गोल विहिरीसारखा खड्डा होता, त्यात शेणाचा काला, आणि काल्यावर ही टाकी पालथी तरंगायची. गॅस साठला की वर यायची, गॅस वापरला की खाली बसायची. शेण गोळा करणं, पाण्यात कालवणं, त्यातल्या काड्या हातानं काढणं, हे काम माझ्या मालुआत्याचं. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत वडील मला बेळगावहून तिच्याकडे आणून सोडायचे, आणि मी दिवसभर तिच्यामागे त्या परसात. संध्याकाळी लोखंड कोमट असायचं. आतल्या काल्याची ऊब आणि दिवसभराचं ऊन, दोन्ही मिळून. मी टाकीला पाठ लावून बसायचे. पाठीमागून बारीक बुडबुड ऐकू यायची, जशी झोपलेल्या माणसाच्या पोटातून येते तशी. टाकी कशी बसते त्यावरून आत काय शिजतंय ते मी ओळखायचे. हळूहळू बसली तर दूध, भरभर बसली तर भाकरी, आणि सणाला तर ती अगदी तळाला टेकायची. ज्योत बारीक झाली की आतून हाक यायची, "माले, दगड ठेव गं!" मग आत्या टाकीवर दगड चढवायची. वजन वाढलं की गॅस जोरानं नळीत जातो, हे दाबाचं पहिलं प्रात्यक्षिक मी तिथं पाहिलं. सहा दगड ओढ्यातले होते. सातवा आमच्या घरचा मोडका वरवंटा. तोच तो लांबट डाग. नळी टाकीपासून निघून परसातून भिंतीत शिरायची. तिथून पुढं ती कुठं जाते, आत शेगडी कशी आहे, ज्योत खरंच निळी असते का, हे मी कधी पाहिलं नाही. कामाच्या बदल्यात आत्याला ताक मिळायचं. ताकाचा तांब्या वेगळा होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आणि लक्षात आल्यावरसुद्धा पाठीला ती ऊब आठवायची ती आठवतच राहिली. त्या दोन गोष्टी मी अनेकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. एकीनं दुसरी खोटी पडत नाही.

बस तवंदीचा घाट उतरताना खालची निपाणी दिसली, आणि छपराछपरांवर चमकणारी सौर पॅनेलं. दुपारी आमच्या गावाला लागते त्याहून जास्त वीज शिवारातूनच येते. अडचण असते ती संध्याकाळची. सूर्य मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, मिक्सर, टीव्ही सुरू होतात. आमच्या लहानशा बायोगॅस प्लांटचं काम एवढंच, की दिवसा गप्प बसायचं, गॅस फुग्यात साठवायचा, आणि अंधार पडताना इंजिन सुरू करून गावाच्या तारेत वीज सोडायची. वीज कंपनीनं चाचणीसाठी तीन संध्याकाळी मागितल्या होत्या. तिन्ही वेळा इंजिन मध्ये थांबता कामा नये, आणि गर्दीच्या तासाच्या शेवटी गावातल्या पहिल्या घरात नि शेवटच्या घरात व्होल्टेज दोनशे सातच्या वर असलं पाहिजे. जमलं तर रोज संध्याकाळी आमची वीज घेणार. नाही जमलं तर इंजिन उचलून दुसरीकडे नेणार, गॅस सिलिंडरांत भरून बाहेर विकणार, आणि गाव पूर्वीसारखं होणार. पूर्वीचे आकडे मीच मोजले होते. पहिलं घर ट्रान्सफॉर्मरजवळचं, आण्णाप्पांचं, तिथं दोनशे आठ. शेवटचं आमच्या वस्तीतलं, मालुआत्याचं, तिथं एकशे बहात्तर. एकशे बहात्तरवर ट्यूब पेटत नाही, नुसती टोकांना लाल होते. वीज पाण्यासारखी आहे, जास्त व्होल्टेजकडून कमीकडे जाते, आणि आत्याचं घर आजवर उताराच्या शेवटी होतं. पण प्लांट बांधला तो वस्तीच्या मागं, ओढ्याच्या कडेला. वासाच्या गोष्टींना गावात हीच जागा मिळते, आणि संध्याकाळची वीज आता तिथूनच निघणार होती.

पहिल्या दोन संध्याकाळी जमल्या होत्या. तिसरी आज, पाडव्याची. प्लांटचे मॅनेजर म्हणाले होते, "तुमच्यात दिवाळी नसते ना? मग पाडव्याला तुम्हीच थांबा." वाईट हेतूनं म्हणाले नव्हते. ते वाक्य मी तसंच ठेवून दिलं, ना उचललं, ना टाकलं.

खरी अडचण कालच सुरू झाली होती. पाडव्याला दारात शेणाचे पांडव घालतात, डोक्यावर झेंडू खोचून. त्या दिवशी घरातलं शेण कुणी बाहेर देत नाही. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून आदल्या दिवशी दुप्पट शेण द्या असं सांगितलं होतं, आणि लोकांनी दिलंही. ट्रॉली भरून आली. मी जवळ गेले तर शेणाचा वास नव्हता. फिनेलचा होता. सणासाठी सगळ्या गावानं गोठे फिनेलनं धुतले होते आणि ते पाणी शेणासकट आमच्या ट्रॉलीत आलं होतं.

"हे आत टाकायचं नाही," मी म्हणाले.

भरमूअण्णा आमचे ऑपरेटर. खानापूरकडचे, पन्नाशीचे, बोलायला मोकळे. "का वो म्याडम? शेण शेणच की. उलट आजचं लई स्वच्छ हाय."

"गॅस जंतू करतात, अण्णा. फिनेल जंतूच मारतं."

"मग आता काय, सणाचं शेण परत लावायचं? बाया काय म्हणतील?"

बाया काय म्हणाल्या ते मला ट्रॉली निघायच्या आधीच ऐकायला मिळालं. गुणाबाई, म्हणजे आण्णाप्पांच्या सूनबाई, साठी ओलांडलेल्या, ट्रॉलीच्या मागोमाग चालत आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि माझ्याकडे न बघता भरमूअण्णांना विचारलं, "व्हय रं भरमू, मालीच्या भाचीनं आमचं शेण परत लावलं म्हणं? आमच्या शेणाला इटाळ झाला काय?" आजूबाजूचे हसले. मीही हसले असते, वाक्य चांगलं होतं. त्याऐवजी मी सामूचा, म्हणजे आंबटपणा मोजायचा, कागद काल्यात बुडवला आणि रंग बघत उभी राहिले. कागद हिरवट होता, म्हणजे ठीक होता. माझे कान तापले होते. ते मोजायचं साधन माझ्याजवळ नव्हतं.

म्हणजे दोन दिवसांचं शेण नाही. आजचा गॅस आजच्या शेणातून येत नाही, तो गेल्या महिनाभराच्या काल्यातून येतो, त्यामुळे तो एकदम थांबणार नव्हता. पण रोजचं ताजं अन्न मिळालं नाही की जंतू हळू होतात, आणि पाडव्याच्या संध्याकाळी गावाला सगळ्यात जास्त वीज लागणार होती. मी प्लांटवर पोचले तेव्हा दुपार व्हायला आली होती. फुग्याची उंची दाखवायला त्याच्यावरून एक दोरी टाकली आहे, तिच्या टोकाला वीट. फुगा वर येतो तशी वीट भिंतीवर रंगवलेल्या खुणांवरून सरकते. गर्दीचा वेळ निभावायला साडेतीनची खूण पाहिजे होती. वीट पावणेतीनवर होती. इंजिन आज बंद पडलं तर कारण सगळ्या गावाला आधीच ठाऊक होतं. मालीच्या भाचीनं शेण परत लावलं.

"गुऱ्हाळाची मळी आणा," मी म्हणाले. कोगनोळीच्या अलीकडे गुऱ्हाळ सुरू झालं होतं. उसाचा रस उकळताना वर जो काळपट फेस येतो ती मळी. तिच्यात साखर असते. शेण पचायला आठवडे, मळी पचायला काही तास. दुपारी घातली तर संध्याकाळी गॅस.

भरमूअण्णांनी टेम्पोतून कॅन उतरवले. बारा होते. "घाला सगळे. एकदाच पोट भरू दे."

"सहा."

"निम्मेच? आवो, पाडवा हाय आज. रेड्यालासुदीक गोड घालत्यात!"

"जास्त गोड झालं तर आंबट होईल, अण्णा. मग चार दिवस गॅस नाही."

सहा कॅन आत गेले. उरलेल्या सहांकडे मी बराच वेळ पाहत होते. मी सांगितलेला आकडा गणितातून आला होता, पण गणितातल्या दोन संख्या अंदाजाच्या होत्या, आणि त्या कोणत्या हे फक्त मला माहीत होतं.

नवं गॅस्केट बसवून झाल्यावर मी आत्याकडे जेवायला गेले. ती उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. उन्हात तिची बोटं मी पाहिली. शेणात वर्षानुवर्षं राहिलेल्या हातांची नखं पिवळट होतात आणि कडांना भेगा पडतात, नंतर कितीही साबण लावला तरी.

"आत्या, टाकी गेली. आण्णाप्पांची. उद्यमबागेत भंगारात पाहिली मी."

"गेली? बरं झालं."

"तुला काहीच वाटत नाही?"

"काय वाटायचं गं? कंबर मोडली माझी तिनं." तिनं एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला. "वाटतं की. माझा वरवंटा दिला का न्हाय त्यांनी परत?"

"मोडका होता ना तो?"

"मोडका असला म्हणून काय त्यांचा झाला? तुझ्या आजीचा हुता त्यो." मग माझ्या ताटात झुणका वाढताना म्हणाली, "तू लई लाडानं आठवतीस ते सगळं. आठव. तुला बसायलाच हुतं तितं. मला कालवायचं हुतं."

मी घास मोडला. भाकरी गरम होती. ती म्हणाली ते जसंच्या तसं खरं होतं, आणि मला त्यात कुठंही दुरुस्ती करता येत नव्हती. तरी टाकीला पाठ लावून बसलेली ती मुलगी उठून जाईना. कदाचित आठवणीचंही तसंच असावं. ज्याला त्या जागी काम नव्हतं त्यालाच तिथली ऊब लक्षात राहते.

दिवस कलला तेव्हा वीट सव्वातीनवर होती. साडेतीन नाही. पश्चिमेकडच्या शेतातली पॅनेलं करडी झाली आणि मोबाइलवर वीज कंपनीचा संदेश आला: सुरू करा. मला आतून आलेली ती जुनी हाक आठवली. माले, दगड ठेव गं. भरमूअण्णांनी इंजिन सुरू केलं. आवाज लागला, एकसारखा झाला, आणि वीट खाली यायला लागली. गावात आधी मंदिराची रोषणाई लागली, मग घरं, मग आमच्या वस्तीतले दिवे. प्रत्येक दिव्याबरोबर वीट थोडी सरकत असणार, पण तेवढं डोळ्याला दिसत नाही. मी वेग काढला आणि उरलेली उंची त्यानं भागली. उत्तर पुरत होतं, पण जेमतेम. पुन्हा भागलं. तेच आलं.

शेवटच्या टप्प्यात मोजणी करायची होती. आधीच्या दोन्ही संध्याकाळी गुणाबाईंकडे भरमूअण्णा गेले होते आणि आत्याकडे मी. आज ते व्हॉल्व्हवरचा हात काढायला तयार नव्हते. "दाब पडतोय. मी हितनं हलत न्हाय. आनि गुणाबाईकडं तुमीच जावा. मी गेलो तर शेणावरनं तासभर ऐकवतील."

मी मीटर घेतला आणि ओढा ओलांडून गावात गेले. दारादारांत शेणाचे पांडव ओळीनं बसले होते, पुढे पणत्या. गुणाबाईंच्या दारात मी थांबले. जिथं आम्ही नेहमी थांबत आलो तिथंच, पायरीच्या खाली. पाय आपोआप थांबले, मी थांबवले नाहीत.

"कोन? पारमिता व्हय?" गुणाबाई बाहेर आल्या. हाताला बेसन. "करंट मोजाय आलीस? मग बाहीर का हुभी? बोर्ड आत हाय, शेगडीजवळ."

"येऊ?"

"आता पत्रिका धाडू काय?" त्या वळल्या आणि आत गेल्या. मी मागोमाग गेले.

स्वयंपाकघर माझ्या कल्पनेपेक्षा लहान होतं. सिलिंडरवरची शेगडी, तेलात तळली जाणारी शेव, कोपऱ्यात मिक्सर. बोर्ड ओट्याच्या वर होता. मी हात लांब केला आणि बोर्डाच्या खाली भिंतीतून बाहेर आलेला लोखंडी नळीचा तुकडा दिसला. करवतीनं कापलेला, बोटभर. नळीवरून भिंतीबरोबर चुना मारला होता आणि तिच्यावर चहाची गाळणी अडकवली होती. ही तीच नळी. ती इथं येत होती. परसातून भिंतीत शिरून ती एवढ्याच जागेत येत होती, या ओट्यापर्यंत. भिंत हातभर जाडीची. मी टाकीला टेकून बसायचे ती जागा या भिंतीच्या पलीकडं आठ-दहा पावलांवर असेल. आतली भाकरी आणि माझी पाठ यांच्यात तेवढंच अंतर होतं.

"ते जुन्या ग्यासचं हाय," गुणाबाई शेव पलटत म्हणाल्या. "नवरा म्हणत हुता, काढून टाकू. म्हटलं ऱ्हाऊ दे, गाळणी अडकवाय हुतं." मग जरा थांबून, झाऱ्याकडेच बघत, "फिनेलचं कळलं मला. भरमूनं सांगितलं नंतर. आमाला आधी सांगायचं न्हवं का? गोठा पान्यानं धुतला असता."

"सांगायला पाहिजे होतं."

"मग! शिकलेल्या बाया." त्यांनी ओट्याखाली वाकून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. काळा, एका टोकाला तुटलेला वरवंटा. "भंगारवाला टाकी उचलताना ओढ्यात फेकत हुता. मालीचा हाय, म्हटलं. आज देनं-घेनं न्हाय, पर हे आमचं न्हवंच, मग न्ह्याय काय हरकत? घिऊन जा. आनि ही शेव."

मी मीटर लावला, आकडा पाहिला, आणि तो मनात ठेवून निघाले. एका हातात वरवंटा, दुसऱ्यात मीटर, शेवेची पुडी ओढणीच्या गाठीत. दगड अपेक्षेपेक्षा जड होता. हातात तो पुढे-मागे ढळत होता, कारण तुटल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य एका बाजूला गेला होता. इंजिनचा आवाज ओढ्यापलीकडून येत होता आणि चालताना मी फक्त तोच ऐकत होते. एकदा तो खाली गेला. मी थांबले. मग पुन्हा वर आला आणि स्थिर झाला, आणि मी चालायला लागले.

आत्याची ट्यूब पेटलेली होती. ती दारातच उभी होती, वरवंट्याकडे बघत. तिनं तो माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला, आणि तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"आधी तुझं काम कर," ती म्हणाली.

मी सॉकेटमध्ये मीटर लावला आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. इंजिन चालू होतं. मोबाइलवर दोन्ही नोंदी लिहून पाठवल्या.

पहिलं घर, गुणाबाईंचं स्वयंपाकघर: दोनशे एकोणीस व्होल्ट.

शेवटचं घर, मालुबाईंचं: दोनशे एकवीस.